मामू, माझा नंबर लागेल का?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कवीला लोक काय काय विचारतील याचा नेम नसतो. आमच्या मैंदर्गीत मला लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून मागतात, दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व की दीर्घ ते विचारतात, नगरपरिषदेला द्यायचा अर्ज तपासून घेतात. मी बी.ए. झालेला, तोही मराठी घेऊन. त्यामुळं अर्ज हा प्रकार मला नवा नाही. पण २०२४ सालच्या रमजान ईदला माझ्या भाच्यानं शिरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून जो प्रश्न केला, त्यानं मी गडबडलो. घरात आम्ही दखनी बोलतो. तो म्हणाला, "मामू, अपना नंबर लगेगा क्या?" कुठं? तर अहमदाबादला, आयआयएममध्ये.

भाच्याचं वय तेव्हा तेहतीस. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल झालेला. तेव्हापासून चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. ट्रेनी म्हणून लागला, असिस्टंट मॅनेजर झाला. लग्न झालेलं, एक लहान मुलगी. पगार वर्षाला चौदा लाख. अक्कलकोटहून दुधनीच्या रस्त्याला असलेल्या आमच्या गावच्या हिशेबानं हा पोचलेला माणूस. त्याला काय कमी होतं, हे आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कळेना. दाजींनाही कळेना. त्यांची सात एकर कोरडवाहू, तूर आणि ज्वारी. मुलगा दरमहा पगार घेतो, हेच त्यांना पाऊस वेळेवर पडल्यासारखं वाटायचं.

आता, बी.ए.वाल्या मामूनं यात काय सांगावं? पण भाच्याचं म्हणणं असं की अर्जात निबंध लिहायचे असतात, आणि लिहिणारा माणूस घरात एकच आहे. मग पुढचं वर्षभर मी त्याच्याबरोबर या विषयात उतरलो. त्यातून जे समजलं ते आज सांगतो, कारण आपल्याकडं घरटी एक इंजिनिअर झाला आहे आणि तिशी ओलांडली की यातल्या पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न घोळतो.

सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. मार्क विचारले. दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के, बारावीला एकाहत्तर, इंजिनिअरिंगला बासष्ट, त्यात दुसऱ्या वर्षी एक विषय राहिलेला. मी म्हटलं, अवघड दिसतंय. तो म्हणाला, मलाही तसंच वाटतं, पण पुण्यातला एक सल्लागार ऐंशी टक्के चान्स आहे म्हणतो. त्याची फी पंचवीस हजार. मी विचारलं, हे ऐंशी त्यानं कुठून काढले? भाच्यापाशी उत्तर नव्हतं, आणि असूही शकत नाही. यंदा कोण कोण अर्ज करणार, त्यांतले किती तुमच्यासारखे, संस्थेला यंदा वर्गात काय हवंय, हे बाहेरच्या कुणालाच ठाऊक नसतं. अंदाज बांधता येतो. टक्केवारी सांगणारा माणूस अंदाज सांगत नसतो, फी सांगत असतो.

अंदाज बांधायचा तर आधी दार कोणतं ते बघावं लागतं. या मोठ्या संस्थांना निदान दोन दारं असतात. पहिलं सगळ्यांना माहीत आहे, कॅट परीक्षेचं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वयाची अट नाही, म्हणून तेहतिशीचा माणूसही रांगेत उभा राहू शकतो. पण या दारातून आत जाणारी बहुतेक मुलं विशी-पंचविशीची असतात. अहमदाबादसारख्या ठिकाणी कॅटच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवीचे गुण मोजले जातात. अनुभवालाही गुण असतात, पण ते साधारण तीन वर्षांपाशी थांबतात. म्हणजे माझ्या भाच्याची पुढची सात वर्षं हिशेबात जवळजवळ शून्य, आणि बारावीचे एकाहत्तर मात्र जन्माला चिकटलेले.

शिवाय पर्सेंटाइल नावाची भानगड. आपल्याकडं अजून पुष्कळ पालक नव्व्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे नव्व्याण्णव टक्के गुण समजतात. तसं नाही. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा; शंभरातले किती जण तुमच्या मागं आहेत, एवढंच. २०२४ची कॅट २ लाख ९३ हजार जणांनी दिली. त्यात नव्व्याण्णवाव्या पर्सेंटाइलला असलेल्या मुलाच्या बरोबरीनं किंवा पुढं तीन हजारांच्या घरात माणसं उभी असतात. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या जागा चारशेच्या आसपास, त्यात आरक्षणाचे वेगवेगळे भाग. आणखी एक आकडा. त्या वर्षी शंभर पर्सेंटाइल मिळवणारे चौदा होते आणि त्यांतले तेरा इंजिनिअर. इंजिनिअरनं कॅटच्या रांगेत उभं राहणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात आपल्या गावचा एकच वारकरी शोधणं. म्हणूनच काही आयआयएम इंजिनिअर नसलेल्यांना आणि मुलींना थोडे जादा गुण देतात. भाचा त्यावर जरा चिडला. मला त्यात अन्याय दिसला नाही. का, ते पुढं येईल.

दुसरं दार नोकरीत मुरलेल्यांचं. अहमदाबादनं २००६ साली एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू केला, पीजीपीएक्स नावाचा. वय निदान पंचवीस आणि अनुभव निदान चार वर्षं. कलकत्त्यानं २००७ला आणि बंगळुरूनं २००९ला असेच अभ्यासक्रम काढले, तिथं पाच वर्षांची अट. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचा पंधरा महिन्यांचा आहे. इथं कॅटऐवजी बहुधा जीमॅट किंवा जीआरई चालते, आणि अनुभव ही अडचण न राहता भांडवल होतो. हैदराबादची आयएसबी २००१ पासून एक वर्षाचाच अभ्यासक्रम चालवते, पण तिथल्या वर्गाचा सरासरी अनुभव चार-पाच वर्षांचा. दहा वर्षांचा माणूस तिथं थोरल्या भावासारखा दिसतो. परदेशातही हाच भेद आहे. हार्वर्डच्या वर्गात सरासरी अनुभव पाचेक वर्षांचा. मधल्या वयातल्यांसाठी एमआयटीचा स्लोन फेलोज १९३१ पासून आहे, स्टॅनफर्डच्या एमएसएक्सला निदान आठ वर्षांचा अनुभव लागतो. खर्च ऐकून आम्ही तो कागद घडी घालून ठेवून दिला.

ज्यांना नोकरी सोडणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी मुंबईत जमनालाल बजाज संस्थेत संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम फार जुने आहेत. पण त्याला राहायला मुंबईत असावं लागतं, चाकणहून जमत नाही. आणि ज्यांनी स्वतःच उद्योग उभारला आहे त्यांचं दार निराळंच. पुण्याच्या प्राज उद्योगाचे प्रमोद चौधरी पवईच्या आयआयटीतून १९७१ साली इंजिनिअर झाले, कंपनी नावारूपाला आणली आणि मग हार्वर्डचा वरिष्ठांसाठीचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून आले. तिथं बारावीचे मार्क कोण विचारतो! पण ती गोष्ट मालकाची. आपण नोकरदाराबद्दल बोलतोय.

तर दार ठरलं. आता आत कुणाला घेतात? इथं मला माझ्या धंद्याचा, म्हणजे कवितेचा, उपयोग झाला.

अहमदाबादची संस्था १९६१ साली हार्वर्डच्या सहकार्यानं सुरू झाली, कलकत्त्याची त्याच वर्षी एमआयटीच्या आणि मुंबईची जमनालाल बजाज १९६५ला स्टॅनफर्डच्या. हार्वर्डकडून अहमदाबादला शिकवण्याची एक पद्धत आली. तिला केस म्हणतात. एखाद्या खऱ्या कंपनीपुढं आलेला पेच वीस-पंचवीस पानांत लिहिलेला असतो. रात्री तो वाचायचा आणि सकाळी वर्गात त्यावर वाद घालायचा. प्राध्यापक उत्तर सांगत नाही, भांडण लावून देतो. आता विचार करा, वर्गात सगळेच संगणकवाले असले तर भांडण कसलं होणार? बँकेतला कर्ज मागणाऱ्याकडं कसा बघतो, फौजेतला हुकमाबद्दल काय म्हणतो, डॉक्टर, वकील, कारखान्यातला, सगळे हवेत. म्हणजे संस्था हुशार माणसं एकेक करून निवडत नाही, ती वर्ग निवडते.

कविसंमेलन ठरवताना आम्ही काय करतो? सगळ्यांत चांगले बारा कवी घ्यायचे म्हटलं तर कदाचित नऊ गझलवाले निघतील. तसं कुणी करत नाही. दोन गझलवाले, एक विनोदी, एक ग्रामीण, एक-दोन कवयित्री, एखादा नवा मुलगा. मग राहिलेले सात गझलवाले घरी बसतात आणि आपल्यावर अन्याय झाला असं म्हणतात. मीही म्हटलेलं आहे. पण माझी स्पर्धा विनोदी कवीशी कधी नव्हतीच. ती दुसऱ्या गझलवाल्यांशी होती. तसंच इथं. भाच्याची तुलना तीन लाखांशी होणार नाही, त्याच्यासारख्या शे-दोनशे माणसांशी होईल: मेकॅनिकल, कारखान्यात आठ-दहा वर्षं, तिशीच्या थोडा पुढं. त्यांत आयआयटीवाले असतील, जर्मनीत दोन वर्षं काढून आलेले असतील. त्यातल्या त्यात बरं एवढंच की संगणकवाल्यांच्या मानानं ही रांग आखूड असते.

संस्था आपल्या वर्गाची माहिती दरवर्षी छापतात. सरासरी गुण, सरासरी वय, कोण कुठून आला. लोक सरासरीवर बोट ठेवतात आणि खुश होतात किंवा खचतात. सरासरी फसवी असते. तिच्या खालीही कितीतरी जण बसलेले असतात. पण खालचे कोण? बहुधा ते, ज्यांच्यासारखा वर्गात दुसरा नाही. तुमच्यासारखे दहा असतील तर तुम्ही सरासरीच्या वर असायला हवं. भाच्याचं मी असं मांडलं: मार्कांत खाली, अनुभवाच्या वर्षांत मधोमध, परीक्षा अजून द्यायची आहे, आणि चौथी गोष्ट, म्हणजे त्या दहा वर्षांत यानं असं काय केलं जे त्या शे-दोनशेंतल्या दुसऱ्यानं केलं नसतं, ती कोरी. सगळं त्या कोऱ्या जागेवर होतं.

त्यानं निबंध लिहून आणला. इंग्रजीत होता, पण कुठल्याही भाषेत तो तसाच लागला असता. मी नेतृत्वगुण असलेला, परिणामांवर लक्ष ठेवणारा, जागतिक दृष्टीचा वगैरे. मी म्हटलं, बाळा, ही कविता मी आधी ऐकली आहे. तू केलंस काय, ते सांग. तो गप्प. मग खूप वेळानं म्हणाला, एक आहे, पण छोटा काम है मामू.

काम असं होतं. ॲल्युमिनियमचा एक भाग, मध्ये पन्नास मिलिमीटरचं भोक, त्याला ते बोअर म्हणतात. रात्रपाळीत केलेल्या मालातले शंभरातले सहा नग सकाळी तपासणीत बाद व्हायचे, बोअर लहान म्हणून. दिवसपाळीत तसं होत नसे. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की रात्रीचे कामगार झोपा काढतात. दोघांना नोटिसा गेल्या. भाचा अकरा रात्री तिथं थांबला. रात्रपाळीतले बरेचसे कामगार कलबुर्गी, इंडी या बाजूचे. हा मैंदर्गीचा, म्हणजे गल्लीत कन्नड शिकलेला. त्यांच्याशी चहा पीत कन्नडमध्ये बोलू लागला. तेव्हा एकजण म्हणाला, साहेब, आम्ही प्रत्येक नगाचं माप घेतो, मोठं दिसलं म्हणूनच मशीन सुधारतो.

मोठं दिसलं? सकाळी तर लहान भरत होतं. घोटाळा तापमानाचा होता. दिवसा तपासनीस असे, नग त्याच्या टेबलावर अर्धा-पाऊण तास पडून थंड होत आणि मग माप घेतलं जाई. रात्री तपासनीस नसे, कामगार मशीनमधून निघालेला गरम नगच गेजला लावत. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं आणि भोकही मोठं होतं. वीस अंशांच्या फरकानं पन्नास मिलिमीटरच्या बोअरमध्ये साधारण तेवीस मायक्रॉनचा फरक पडतो, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. गरम नगाचं माप मोठं दिसे, कामगार इमानदारीनं मशीन कमी करी आणि थंड झाल्यावर नग लहान भरे. म्हणजे झोपा काढणारे कामगार असते तर माल चांगला निघाला असता!

भाच्यानं नग थंड करायला एक मांडणी करून घेतली, आणि माप घेण्याआधी किती वेळ थांबायचं त्याची पाटी मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लावली. बाद होणारे नग शंभरात एकाच्या खाली आले. नोटिसा मागं घेतल्या गेल्या.

हे छोटं काम? मी त्याला म्हटलं, यातलं तू जे आत्ता बोललास तेच लिही, एक शब्द वाढवू नकोस. मग मी विचारलं, याच्यापुढं काय झालं? तर म्हणाला, तापमानाचा फरक आपोआप धरणारा गेज घ्यावा असा प्रस्ताव मी दिला होता. नुकसान होत होतं त्याच्या मानानं किंमत किरकोळ होती. तरी वर तो नामंजूर झाला. का झाला ते मला आजपर्यंत समजलं नाही. त्या टेबलावर कोणत्या भाषेत बोलतात ते मला येत नाही, मामू.

दुसरा प्रश्न असतो, तुम्हाला व्यवस्थापन कशासाठी शिकायचं आहे? त्यावर त्यानं आधी दीड पान लिहिलं होतं. ते फाडून टाकलं आणि हे लिहिलं.

परीक्षेबद्दल थोडक्यात. त्यानं जीमॅट दिली. पहिल्यांदा ६०५, दुसऱ्यांदा ६४५. तो तोंड पाडून बसला, कारण मित्रांनी सांगितलं होतं की सातशेच्या खाली सगळं व्यर्थ. पण ते मित्र जुन्या परीक्षेबद्दल बोलत होते. २०२४च्या फेब्रुवारीपासून फक्त नवी जीमॅट आहे. पंचेचाळीस मिनिटांचे तीन भाग, गुण २०५ ते ८०५ आणि प्रत्येक गुणाच्या शेवटी पाच. जुन्या सातशेची बरोबरी नव्यात साधारण ६४५शी लागते. जुन्या फूटपट्टीनं नवं कापड मोजून कितीतरी जण उगाच खचत असतील. गुण पाच वर्षं चालतात, पुन्हा परीक्षा द्यायलाही मुभा आहे. ६४५ म्हणजे दाराशी उभं राहण्याइतके. आत ओढून नेण्याइतके नव्हेत.

शिफारसपत्राचा मात्र पेच पडला. सध्याच्या साहेबांना सांगावं तर नोकरी सोडणार हे कळतं, न सांगावं तर पत्र नाही. शेवटी पूर्वी त्याचे वरिष्ठ असलेले आणि दुसरीकडं गेलेले एक गृहस्थ धावून आले. त्यांनी पत्रात रात्रपाळीची गोष्ट स्वतःहून लिहिली, याला न विचारता. मला वाटतं अर्जातला सगळ्यांत वजनदार कागद तोच असावा.

तीन ठिकाणी अर्ज गेले. एकीकडून बोलावणंच आलं नाही. दुसरीकडं मुलाखत झाली आणि तिथं तो पडला. कशावर? कारखान्यावर नाही, गणितावर नाही. एका परीक्षकानं सहज विचारलं, तुम्ही सोलापूर जिल्ह्यातले. तिथं एवढ्या गिरण्या होत्या, चादरीचं आणि टॉवेलचं नाव सगळीकडं आहे, मग तुमच्यासारखी मुलं पुण्याला का येतात? हा म्हणाला, तिकडं स्कोप नाही सर. परीक्षक म्हणाले, का नाही? याला पुढं बोलता आलं नाही. गिरण्या का गेल्या, यंत्रमागाला वीज आणि सूत काय भावानं पडतं, पानिपतचा माल स्वस्त कसा बसतो, यातलं काहीच त्याच्यापाशी नव्हतं. ज्या शहरात चार वर्षं शिकला त्याच्याकडं त्यानं फक्त बसस्टँडवरून पाहिलं होतं. तिसऱ्या मुलाखतीआधी तो दोन दिवस सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यांतून हिंडला, मालकांशी बोलला, कामगारांशी बोलला. अर्थात तिसऱ्या ठिकाणी हा प्रश्न कुणी विचारला नाही. प्रतीक्षा यादीत नाव लागलं.

आता पैशाचं. प्रवेशाची शक्यता मोजताना लोक हा भाग शेवटी घेतात, आम्हीही घेतला, ते चुकलं. या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांची फी आता तीस लाखांच्या पुढं आहे. पगार बुडतो तो वेगळा. भाच्याचं गणित पन्नास लाखांच्या आसपास गेलं. तीस लाख कर्ज धरा, व्याज दहा टक्के. शिक्षणाचं वर्ष आणि पुढचे सहा महिने हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, ते साडेचार लाखांपर्यंत चढतं. पैसे हप्त्यानं उचलले तर थोडं कमी. साडेचौतीस लाख दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिना साडेपंचेचाळीस हजार. म्हणजे हप्ता गेल्यावर हातात आजच्यापेक्षा जास्त उरायला हवा असेल तर पगार किती व्हायला हवा, ते ज्यानं त्यानं मांडून बघावं. संस्था सरासरी पगार छापतात. सरासरीबद्दल मी वर बोललोच आहे.

दाजी रस्त्याकडची दोन एकर विकायला निघाले होते. कुणाला न सांगता गिऱ्हाइकाशी बोलणंही केलं होतं त्यांनी. ती गरज नव्हती. नामांकित संस्थांच्या बँकांनी याद्या केलेल्या असतात आणि त्या यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर काही बँका मोठी रक्कम तारणाशिवाय देतात. यादीबाहेरच्या कॉलेजासाठी साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात. व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, जुन्या कररचनेत राहिलात तर. गावात कुणीतरी ‘पढो परदेश’ योजनेचं सांगून गेलं. अल्पसंख्याक मुलांना परदेशी शिक्षणाच्या कर्जाचं व्याज सरकार देई ती योजना. ती २०२२ सालीच बंद झाली, आणि हा परदेशी चाललाही नव्हता.

आपाचं वेगळं होतं. एवढं मोठं व्याजाचं कर्ज घरात येणं तिला पटत नव्हतं. ती धर्माच्या अंगानं बोलत होती आणि मी हप्त्याच्या अंगानं, पण खरं सांगायचं तर आम्ही दोघं एकाच गोष्टीला भीत होतो. मी तिची समजूत घातली असं म्हणणार नाही. तिची समजूत पटलेली नाही. तिनं एवढंच विचारलं, नंबर लागला नाही तर तू काय करणार? भाचा म्हणाला, आहे तिथंच काम करीन, आणि तो गेज का नामंजूर झाला ते कुणालातरी विचारीन. मला वाटतं त्या उत्तरानंतर तिचा विरोध थोडा सैल झाला.

प्रतीक्षा यादी सरकली. एका सोमवारी दुपारी पत्र आलं आणि पहिला हप्ता भरायला दहा दिवसांची मुदत होती. नोकरीचा राजीनामा, दोन महिन्यांची नोटीस, मुलीची शाळा, सगळं त्या दहा दिवसांत. तो गेला. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि त्याचा पगार किती होईल हे मला विचारूही नका.

पण गावात बातमी पसरली की मामूनं नंबर लावून दिला. आता सुट्टीला आलेली इंजिनिअर मुलं माझ्याकडं येऊन बसतात. परवा दुधनीचा एक सिव्हिल इंजिनिअर आला, नऊ वर्षं रस्त्यांच्या कामावर आहे. मार्कलिस्टांची फाइल घेऊन आला होता. मी ती उघडली नाही. म्हटलं, गेल्या तीन वर्षांत तू असं काय केलंस, जे तुझ्या जागी दुसरा असता तर झालं नसतं? तो बराच वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत बसला. मग म्हणाला, विचार करून सांगतो. अजून आलेला नाही. फाइल माझ्याकडंच आहे.